निर्वात नलिका आणि ध्वनिविवर्धक

पूर्वीच्या रेडिओची एक ठरलेली रीत असे. कळ फिरविली की प्रथम स्थानके दाखविणाऱ्या काचेमागील दिवा लागे. आवाज मात्र लगेच येत नसे. अर्धा मिनिट गेल्यावर बारीक गुणगुण ऐकू येई आणि मग निवेदकाचा आवाज किंवा गाणे हळूहळू उमटे. घरातील मंडळी ह्यास 'रेडिओ तापणे' असे म्हणत. हे म्हणणे शब्दशः खरे होते. रेडिओच्या पोटात काचेच्या चार-सहा नलिका असत आणि त्यांच्यातील धातूची एक बारीक नळी तापून लाल झाल्याशिवाय त्यांचे काम सुरू होत नसे. ह्या नलिकांना शास्त्रीय भाषेत 'निर्वात नलिका' म्हणतात. दुरुस्ती करणारे कारागीर आणि सर्वसामान्य लोक त्यांना 'व्हॉल्व्ह' म्हणून ओळखतात.

ट्रँझिस्टरच्या प्रसारानंतर ह्या नलिका घराघरांतून नाहीशा झाल्या. तरीही त्यांचा शोध घेणारे, त्या जपून ठेवणारे आणि त्यांवर चालणारे ध्वनिविवर्धक स्वतःच्या हातांनी बांधणारे लोक आजही आहेत. बंगळूरमध्ये अशा मंडळींना एक विशेष सोय लाभलेली आहे. भारतीय बनावटीच्या नलिका ज्या कारखान्यात तयार होत, तो भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना ह्याच शहराच्या जालहळ्ळी भागात आहे. त्यामुळे चिकपेट परिसरातील रविवारच्या बाजारात किंवा सदर पत्रप्पा मार्गावरील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांत जुन्या सामानाच्या राशीत एखादी देशी नलिका हाती लागणे हे तेथे नवलाचे नाही. परंतु अशी नलिका हाती आल्यावर ती चांगली आहे की निकामी हे कसे ओळखावे? ती विवर्धकात कोणते काम करते? तिचा उपयोग करताना कोणती काळजी घ्यावी? आणि तिच्या आवाजाविषयी जे कौतुक ऐकू येते त्यात तथ्य किती? ह्या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

नलिकेचे कार्य

धातू तापविला असता त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पाणी तापल्यावर त्याची वाफ व्हावी, तसाच काहीसा हा प्रकार होय. विजेच्या दिव्यांवर प्रयोग करीत असताना १८८३ च्या सुमारास एडिसन ह्यास ह्या घटनेची चिन्हे दिसली. परंतु तिचा उपयोग त्याने केला नाही. १९०४ मध्ये इंग्लंडमधील फ्लेमिंग ह्याने निर्वात केलेल्या काचपात्रात तापलेल्या तंतूसमोर धातूचा एक पत्रा बसविला आणि ह्या उपकरणातून वीज एकाच दिशेने वाहते असे दाखवून दिले. तापलेला भाग तो ऋणाग्र आणि समोरचा पत्रा तो धनाग्र. पत्र्यावर धन विद्युत् दाब दिला म्हणजे तो इलेक्ट्रॉनांना ओढून घेतो. ऋण दाब दिला तर त्यांना दूर लोटतो. ह्यास द्विप्रस्थ नलिका म्हणतात.

१९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट ह्याने ह्या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसविली आणि त्रिप्रस्थ नलिका जन्मास आली. ही जाळी, म्हणजे 'जालक', हेच विवर्धनाचे मर्म आहे. शेताच्या पाटावर लाकडी दार असते. ते वरखाली करण्यास माणसाचे थोडे बळ पुरते. पण त्या थोड्या बळाने पाण्याचा मोठा ओघ कमीजास्त होतो. ओघाला लागणारी शक्ती माणूस देत नाही. ती धरणातील पाण्याच्या उंचीतून येते. जालकाचे काम अगदी असेच आहे. जालकावर अल्पसा ऋण दाब ठेवला की धनाग्राकडे जाणारे इलेक्ट्रॉन काही प्रमाणात अडविले जातात. हा दाब आणखी थोडा वाढविला की प्रवाह घटतो, कमी केला की वाढतो. जालक स्वतः ऋण असल्याने इलेक्ट्रॉन त्यावर बसत नाहीत. म्हणून त्यास जवळजवळ काहीच शक्ती पुरवावी लागत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या सुईपासून मिळणारा दुबळा संदेश जालकास दिला असता त्याचीच मोठी प्रतिकृती धनाग्राच्या मंडलात मिळते.

हा परिणाम किती मोठा असतो ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ई.सी.सी. ८३ ह्या प्रसिद्ध नलिकेत एकाच काचपात्रात दोन त्रिप्रस्थ बसविलेले असतात. प्रत्येकाचा विवर्धनांक १०० आहे; म्हणजे जालकावरील एका व्होल्टचा बदल हा धनाग्रावरील शंभर व्होल्टांच्या बदलाइतका प्रभावी ठरतो. प्रत्यक्ष मंडलात रोधकांमुळे त्यातील काही भाग हातचा जातो आणि पन्नास ते साठपट विवर्धन पदरात पडते.

१९२६ मध्ये हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत टेलेगेन ह्या संशोधकाने आणखी दोन जालके असलेली पंचप्रस्थ नलिका शोधून काढली. एका जालकामुळे इलेक्ट्रॉनांचा ओघ धनाग्राच्या दाबावर फारसा अवलंबून राहत नाही. दुसऱ्यामुळे धनाग्रावर आदळून उसळलेले इलेक्ट्रॉन पुन्हा धनाग्राकडेच परततात. ध्वनिक्षेपकास लागणारी शक्ती थोड्या दाबात पुरविण्यासाठी ही रचना फार सोयीची ठरली.

बहुतेक नलिकांत ऋणाग्र म्हणजे निकेलची एक बारीक नळी असते. तिच्यावर बेरियम आणि स्ट्राँशियम ह्यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो आणि आत तापक तार असते. ह्या लेपामुळे साधारण ७५० अंश सेल्सिअस एवढ्या तपमानासही पुरेसे इलेक्ट्रॉन मिळतात. उपयोगाबरोबर हा लेप क्षीण होत जातो आणि तो संपला की नलिकेचे आयुष्य संपते.

विवर्धकातील टप्पे

नलिकांचा साधा ध्वनिविवर्धक तीन कामे करतो. पहिले काम वीजपुरवठ्याचे. रोहित्राच्या साहाय्याने घरातील विजेचा दाब वाढवून तो ई.झेड. ८१ सारख्या एकदिशकारक नलिकेस दिला जातो. तेथे प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह होतो आणि धारित्रे त्यातील लहरी शमवितात. दुसरे काम संदेशाचा दाब वाढविण्याचे, ते ई.सी.सी. ८३ सारखी नलिका करते. तिसरे काम शक्ती पुरविण्याचे. त्यासाठी ई.एल. ८४ किंवा तिच्याहून मोठी ई.एल. ३४ ही पंचप्रस्थ नलिका योजतात.

ई.एल. ८४ च्या निर्मात्यांनी दिलेल्या आकड्यांवरून मंडलाची आखणी कशी करतात ते पाहण्यासारखे आहे. धनाग्रावर २५० व्होल्ट आणि जालकावर उणे ७.३ व्होल्ट असताना धनाग्रातून ४८ मिलिअँपिअर व दुसऱ्या जालकातून ५.५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. दोहोंची बेरीज ५३.५ मिलिअँपिअर. हा सर्व प्रवाह ऋणाग्रातून येतो. ऋणाग्र आणि भूमी ह्यांच्या मध्ये १३५ ओहमचा रोधक घातला, तर त्यावर सुमारे ७.२ व्होल्ट दाब पडतो. ऋणाग्र भूमीच्या मानाने तेवढा धन झाला, म्हणजेच जालक ऋणाग्राच्या मानाने तेवढे ऋण झाले. अशा रीतीने एका साध्या रोधकाने नलिका आपला आवश्यक ऋण दाब आपणच निर्माण करते.

आता ध्वनिक्षेपकाचा रोध साधारण ८ ओहम असतो. नलिकेस मात्र सुमारे ५,२०० ओहमचा भार हवा असतो. हा मेळ निर्गम रोहित्र घालून देतो. ५,२०० ला ८ ने भागल्यास ६५० येतात आणि त्यांचे वर्गमूळ सुमारे २५.५ आहे. म्हणून रोहित्राच्या पहिल्या वेटोळ्याचे वेढे दुसऱ्याच्या साडेपंचवीसपट ठेवतात. विवर्धकाच्या आवाजाचा दर्जा बहुतांशी ह्या रोहित्रावर अवलंबून असतो. गाभा लहान असला तर खर्जाचे स्वर निस्तेज होतात आणि गुंडाळणी सदोष असली तर तार स्वर हरवतात. नलिकेच्या शोधात शेकडो रुपये वेचणारा मनुष्य रोहित्रात काटकसर करील तर त्याचा खर्च वाया गेला असेच म्हणावे लागेल.

एकट्या ई.एल. ८४ पासून फार तर ५.७ वॅट ध्वनिशक्ती मिळते आणि त्या मर्यादेस विकृतीचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत जाते. एवढ्यासाठी धनाग्रावर १२ वॅट आणि तापकावर जवळजवळ पावणेपाच वॅट खर्च होतात. दोन नलिका एकमेकींच्या उलट दिशेने कार्य करतील अशा जोडल्या, तर एकीची काही विकृती दुसरीच्या विकृतीने खोडली जाते. अशी जोडी ३०० व्होल्टांवर सतरा वॅटपर्यंत शक्ती देऊ शकते. अमेरिकेत हॅरल्ड ब्लॅक ह्याने १९२७ मध्ये शोधलेली ऋण प्रतिसंभरणाची युक्ती, म्हणजे निर्गमाचा अल्पांश उलटा करून प्रवेशाकडे परत नेण्याची पद्धत, हिच्या योगाने विकृती आणखी कमी करता येते. १९४७ मध्ये विल्यम्सन ह्याने 'वायरलेस वर्ल्ड' ह्या ब्रिटिश नियतकालिकात ह्या दोन्ही गोष्टींचा मेळ घालून १५ वॅटचा जो विवर्धक प्रसिद्ध केला, त्यात विकृती एक-दशांश टक्क्याच्या घरात आणली होती. जगभरच्या हौशी कारागिरांनी त्याची नक्कल केली.

बंगळूरमधील निर्मिती

रेडिओचे ऐकणे भारतात नलिकांच्या निर्मितीपूर्वीच पुष्कळ रूढ झाले होते. म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी १९३५ मध्ये खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्यास 'आकाशवाणी' हे नाव दिले. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीस मिळाले. महाराष्ट्रात ठाणे येथे मर्फी रेडिओचा कारखाना उभा राहिला. परंतु रेडिओ येथे जुळविले गेले तरी त्यांचे हृदय जी नलिका, ती दीर्घकाळ परदेशाहून येत असे. नलिका परकी, तर सैन्याची दळणवळणाची साधनेही परावलंबी, हे त्या काळी स्पष्टपणे जाणवत होते.

बंगळूर येथे ह्या विषयाची भूमी तयार होती. भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत् संदेशवहन अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग १९४६ मध्ये सुरू झाला होता आणि १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला होता. १९५४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने फ्रान्समधील सी.एस.एफ. ह्या संस्थेच्या सहकार्याने भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना केली. १९५६ मध्ये संदेशवहनाची उपकरणे आणि १९६१ मध्ये रेडिओस लागणाऱ्या ग्राही नलिका तेथे तयार होऊ लागल्या.

ह्यानंतरचा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टरचा शोध लागला होता. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये नलिकांची निर्मिती सुरू झाली त्याच्या पुढल्याच वर्षी, १९६२ मध्ये, जर्मेनियमच्या अर्धसंवाहक वस्तूही तेथे बनू लागल्या. म्हणजे नलिका आणि तिची जागा घेणारे उपकरण ही दोन्ही एकाच कारखान्यात एका वर्षाच्या अंतराने जन्मास आली. १९६७ मध्ये मोठ्या प्रेषण नलिका, सिलिकॉन उपकरणे आणि एकात्म मंडले ह्यांची निर्मिती तेथे एकाच वर्षी सुरू झाली. ह्यावरून नलिकांचा कारखाना हा चुकीचा खर्च होता असे कोणी समजू नये. काचेचे आणि धातूचे हवाबंद सांधे करणे, अत्यंत उच्च प्रतीची निर्वात स्थिती निर्माण करणे, केसाइतक्या तारांची जाळी मोजून गुंडाळणे ही कौशल्ये येथील कामगारांनी आत्मसात केली. दूरचित्रवाणीच्या चित्रनलिका, क्ष-किरण नलिका आणि सूक्ष्मतरंग नलिका ह्यांची निर्मिती १९७० मध्ये हाती घेण्यात आली तेव्हा ती उपयोगी पडली. रेडिओच्या लहान नलिकांचे उत्पादन आता बंद झालेले आहे. जे काही शिल्लक आहे ते दुकानांच्या माळ्यांवर, जुन्या कारागिरांच्या डब्यांत आणि संग्राहकांच्या कपाटांत आहे.

नलिकेची ओळख आणि पारख

युरोपीय पद्धतीच्या नावात नलिकेची बहुतेक माहिती साठविलेली असते. पहिले अक्षर तापकाविषयी सांगते. 'ई' म्हणजे तापकास ६.३ व्होल्ट हवेत. 'पी' म्हणजे तापक एकापुढे एक जोडून त्यांतून ३०० मिलिअँपिअर प्रवाह वाहवावयाचा. 'यू' म्हणजे तसाच १०० मिलिअँपिअर. पुढील अक्षरांवरून प्रकार कळतो : 'सी' त्रिप्रस्थ, 'एफ' लहान पंचप्रस्थ, 'एल' शक्तिदायक पंचप्रस्थ, 'झेड' एकदिशकारक. 'सी' दोनदा आल्यास आत दोन त्रिप्रस्थ आहेत असे समजावे. आकड्यांपैकी पहिला '८' असेल तर नलिकेस नऊ पिनांची काचेची बैठक असते; '३' असेल तर आठ पिनांची मोठी. अमेरिकन पद्धतीत पहिला आकडा तापकाचा दाब दर्शवितो. ई.एल. ८४ लाच तेथे ६ बी.क्यू. ५ आणि ई.सी.सी. ८३ ला १२ ए.एक्स. ७ म्हणतात. 'पी' वर्गाच्या नलिका जुन्या दूरचित्रवाणी संचांतून पुष्कळ निघतात; त्या 'ई' वर्गाच्या जागी तशाच बसविता येत नाहीत.

बाजारात नलिका घेताना प्रथम काचेच्या आतील चंदेरी डाग पाहावा. नलिका बंद केल्यावर तिच्यात उरलेली हवा शोषून घेण्यासाठी बेरियम उडवितात. त्याचा हा थर असतो. डाग आरशासारखा चकाकत असेल तर निर्वात स्थिती शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि नलिका निश्चित निकामी आहे. विक्रेत्याने काहीही सांगितले तरी ती घेऊ नये. त्यानंतर मीटरने तापक तार अखंड आहे की नाही ते पाहावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ई.एल. ८४ च्या तापकास ६.३ व्होल्टांवर ०.७६ अँपिअर लागतात, म्हणून तापल्यावर त्याचा रोध सुमारे ८.३ ओहम असतो. थंड असताना मीटर त्याहून पुष्कळ कमी आकडा दाखवील. तो दोष नव्हे.

खरी परीक्षा मंडलातच होते. वर सांगितलेल्या १३५ ओहमच्या रोधकावरील दाब मोजावा. तो ७ व्होल्टांच्या आसपास असेल तर नलिका सशक्त आहे. इतर दाब बरोबर असूनही तो ४ व्होल्टच भरला तर प्रवाह केवळ ३० मिलिअँपिअर आहे, म्हणजे ऋणाग्राचा लेप झिजला आहे. तो १० व्होल्टांवर गेला तर प्रवाह ७४ मिलिअँपिअर झाला. अशा वेळी मंडलात काही दोष आहे असे समजून वीज ताबडतोब बंद करावी. सुरुवातीच्या टप्प्यातील नलिकेवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारून पाहावी. ध्वनिक्षेपकातून घंटेसारखा नाद घुमला तर आतील जालक सैल झाले आहे; अशी नलिका पहिल्या टप्प्यात ठेवू नये.

काचेवरील छापील नावावर मात्र फार भिस्त ठेवू नये. जुनी अक्षरे बोटाने पुसली जातात आणि नामांकित कारखान्याची नवी अक्षरे त्यांच्या जागी छापता येतात. आतील धनाग्राची घडण, आधाराच्या दांड्या, बेरियमच्या कड्याचा आकार ह्या गोष्टी बदलता येत नाहीत. खात्रीच्या एका नलिकेशी त्या ताडून पाहणे हाच भरवशाचा मार्ग होय.

उपयोगातील काळजी

ट्रँझिस्टरच्या विवर्धकात दाब बहुधा काही दशक व्होल्टांचा असतो. नलिकांच्या विवर्धकात तो २५० ते ४०० व्होल्ट असतो आणि एकदिश प्रवाहाचा हा दाब प्राणघातक आहे. वीज बंद करून दोरी उपटली म्हणजे धोका टळला असे मानणे ही नवशिक्याची सर्वांत मोठी चूक होय. ५० मायक्रोफॅरडच्या धारित्रात ३०० व्होल्टांवर सव्वादोन जूल ऊर्जा साठते आणि ती काही वेळा बराच काळ तशीच राहते. म्हणून हात घालण्यापूर्वी आवरण चढविलेल्या तारांना जोडलेला दहा हजार ओहमचा जाडसर रोधक धारित्राच्या दोन टोकांवर पाच-सहा सेकंद धरावा आणि नंतर मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करावी. चालू मंडलात मोजमाप करताना एकच हात वापरावा, दुसरा पाठीमागे ठेवावा. लोखंडी सांगाड्यास अर्थिंग असलेच पाहिजे. ह्या गोष्टी अंगवळणी पडल्या नसतील तर जाणत्या कारागिराच्या देखरेखीवाचून काम करू नये.

दुसरा धोका नलिकेस असतो. जुन्या संचांतील कागदी धारित्रे, ज्यांना कारागीर 'कंडेन्सर' म्हणतात, कालांतराने गळू लागतात. दोन टप्प्यांना जोडणारे धारित्र गळले की मागील धनाग्राचा दाब पुढील जालकावर उतरतो. जालक ऋण राहण्याऐवजी धन होते, प्रवाह अनिवार वाढतो आणि धनाग्राचा पत्रा लाल होऊन नलिका काही मिनिटांत नष्ट होते. म्हणून जुना संच हाती आला की तो लगेच विजेस जोडून पाहण्याचा मोह आवरावा. प्रथम अशी सर्व धारित्रे काढून नवीन डाखवावीत, मगच दुर्मिळ नलिका तिच्या जागी बसवावी. ध्वनिक्षेपक जोडल्यावाचून विवर्धक चालवू नये. कारण भार नसता निर्गम रोहित्रात फार मोठे दाब उद्भवून त्याचे आवरण फुटू शकते.

घरातील विजेचा दाबही तपासावा. २२० व्होल्टांसाठी गुंडाळलेल्या रोहित्रास २४० व्होल्ट मिळाले तर ६.३ व्होल्टांचा तापक ६.८७ व्होल्टांवर चालतो. ही वाढ नऊ टक्क्यांची आहे आणि बहुतेक नलिकांची सहनमर्यादा दहा टक्क्यांपर्यंतच असते. रोहित्रास निरनिराळ्या दाबांची टोके असल्यास योग्य ते टोक निवडावे.

आवाजाविषयीचे तथ्य

नलिकांचा आवाज 'गोड' किंवा 'भरदार' असतो असे अनेक रसिक सांगतात. ह्या म्हणण्यास काही भौतिक आधार आहे. परंतु तो नीट समजून घ्यावयास हवा. कोणताही विवर्धक मूळ स्वरात स्वतःची थोडी भर घालतोच. एकट्या त्रिप्रस्थ नलिकेच्या विवर्धकात ही भर मुख्यतः दुप्पट कंप्रतेची असते. षड्जाच्या दुप्पट कंप्रतेचा स्वर म्हणजे तार षड्ज; तिप्पट कंप्रतेचा स्वर म्हणजे त्याच्या वरचा पंचम. हे स्वर मूळ स्वराशी मिळून जातात. तंबोऱ्याचा नाद समृद्ध वाटतो तो जवारीमुळे उमटणाऱ्या अशाच उपस्वरांनी. पुढे बंगळूर ही ज्यांची कर्मभूमी झाली त्या चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणा ह्यांच्या ह्या गुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

परंतु तंबोऱ्याचे उपस्वर हे कलेचे अंग आहे आणि विवर्धकाची भर हा त्याचा दोष आहे, हा भेद विसरता कामा नये. दोन स्वर एकदम वाजले की सदोष विवर्धक त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही निर्माण करतो. २४० कंपनांचा षड्ज आणि ३६० कंपनांचा पंचम घेतल्यास बेरीज ६०० येते; तो तार गांधार होय. वजाबाकी १२० येते. तो मंद्र षड्ज होय. दोन्ही सुरेल आहेत. परंतु षड्जाबरोबर २५६ कंपनांचा कोमल ऋषभ वाजला तर बेरीज ४९६ येते आणि तो स्वर कोणत्याही रागात बसत नाही. त्यामुळे एकट्या गायकाचा आवाज ज्या विवर्धकावर मोहक वाटतो, त्याच विवर्धकावर मोठा वाद्यवृंद गढूळ ऐकू येऊ शकतो.

मर्यादेबाहेर संदेश आला असता नलिकांचे साधे विवर्धक तो हळूहळू दाबत जातात, तर ट्रँझिस्टरचे बहुतेक विवर्धक तो एकदम छाटतात. विद्युत् गिटार वाजविणारे नलिका पसंत करतात ह्याचे हे एक कारण आहे. त्यांच्या दृष्टीने विवर्धक हा वाद्याचाच भाग असतो. मोजमापाने पाहिल्यास उत्तम ट्रँझिस्टर विवर्धक विकृती, शक्ती आणि खर्च ह्या तिन्ही बाबतींत पुढे आहे हे मान्य केले पाहिजे. एका जुन्या नलिकेचा आवाज दुसरीहून सरस आहे असे ठरविताना दोहोंचा आवाज मीटरने सारखा करावा आणि कोणती चालू आहे हे ऐकणाऱ्यास कळू देऊ नये. किंचित मोठा आवाज मनुष्यास नेहमी अधिक चांगला वाटतो आणि नलिकेची किंमत ठाऊक असल्यास तर विशेषच.

उपयोग की जतन

शक्तिदायक नलिका साधारणतः काही हजार तास टिकते. दररोज तीन तास विवर्धक चालविला तर वर्षास जवळजवळ अकराशे तास होतात. म्हणजे ती काही वर्षांची सोबतीण होय. ज्या नलिका पुन्हा तयार होणार नाहीत त्या वापरून संपवाव्यात की न वापरता ठेवून द्याव्यात, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकापुढे कधी ना कधी उभा राहतो. ह्याचे एक व्यवहार्य उत्तर आहे. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन ह्या देशांत प्रचलित प्रकारच्या नलिका अद्यापि बनतात. दररोजच्या ऐकण्यासाठी त्या वापराव्यात. अर्थात हा पुरवठाही अढळ नाही. २०२२ मध्ये युद्धाच्या परिस्थितीमुळे रशियातील पुरवठा खंडित होण्याची भीती निर्माण झाली होती. म्हणून देशी नलिकांपैकी निदान एकेक नमुना, त्याच्या मूळ पुठ्ठ्याच्या डबीसह, कोरड्या जागी जपून ठेवावा. ती कोठून मिळाली, कोणत्या संचातून निघाली आणि चाचणीत किती प्रवाह भरला ह्यांची नोंद डबीत ठेवावी. नोंद नसलेली नलिका पुढील पिढीस केवळ काच वाटेल.

परंतु नलिकेहूनही लवकर नाहीशी होणारी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे तिचे ज्ञान. जुन्या रेडिओवर आयुष्यभर काम केलेला कारागीर आवाजाच्या खरखरीवरून गळणारे धारित्र ओळखतो, पत्र्याच्या रंगावरून प्रवाह सांगतो. असे कारागीर बंगळूरप्रमाणेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतही होते. आता त्यांची संख्या अल्प आहे. काचपात्र कपाटात शंभर वर्षे राहू शकते. हाताचे कौशल्य मात्र दुसऱ्या हाताने शिकून घेतले तरच राहते. ज्या तरुणास ह्या विषयाची गोडी लागली असेल त्याने पहिली नलिका विकत घेण्यापूर्वी अशा एखाद्या कारागिराच्या शेजारी काही दिवस बसावे. वर सांगितलेले आकडे त्यास तेथे प्रत्यक्ष मीटरच्या काट्यावर दिसतील आणि कोणत्या तारेस कधी हात लावू नये हेही तेथेच कळेल.